मऊ मातीचे दिवस

मंडळीतील सर्व बंधुभगिनींस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, प्रभूच्या कृपेने आपला यंदाचा खड्डा पूर्ण झाला आहे. खड्डा पुरुषभर खोल असून आतून कोरडा आहे. तो कोणा एकाचा नाही. जो आधी जाईल त्याचा. तरी कोणी त्यात केरकचरा टाकू नये व जवळपास शेरडं बांधू नयेत.

ही घोषणा मी लग्न होऊन गावात आल्यावरच्या पहिल्याच रविवारी ऐकली. उपासना संपत आली होती. मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर नवं पातळ सावरत बसले होते. घोषणा करत होते याकोबआबा, आमच्या मंडळीचे पंच. माणूस एवढा उंच की देवळाच्या दारातून आत येताना त्यांना वाकावंच लागे, आणि नव्या माणसाला वाटे, काय हा नम्रपणा. आवाज असा की पलीकडच्या शिवारातले बैल मान वर करत. मला आधी वाटलं, धान्याचं पेव खणलं असेल. शेजारी माझ्याच वयाची एक सावळी, ठेंगणी मुलगी बसली होती. तिला हळूच विचारलं, "कसला खड्डा?"

"प्रेताचा," ती म्हणाली. "तुमच्याकडे नसतो?"

आमच्याकडे नसायचा. माझं माहेर जळोचीचं, बारामतीला लागून. तिथे आधी माणूस मरतो आणि मग खड्डा खणतात, एवढी साधी रीत आम्हाला ठाऊक. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू फुटलंच. पुरुषांच्या बाजूने आमच्या मास्तरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, माझ्याकडे असं पाहिलं की संसारातला पहिला धडा मला देवळातच मिळाला. ती ठेंगणी मुलगी मात्र माझ्यासोबत हसत होती. ती शांता.

आता मी बारामतीत राहते. पाऊस ओसरला की आमच्या गल्लीत दर वर्षी कुणी ना कुणी पाइपासाठी चर खणतं. टिकावाचा पहिला घाव ओल्या मातीत बसतो तेव्हा एक दबका, भरलेला आवाज येतो. तो ऐकला की मी हातातली भाजी टाकून बाहेर येते. माती काळी निघते की पिवळी, खाली मुरूम कुठे लागतो, कडा ढासळते की उभी राहते, सगळं बघते. एकदा न राहवून म्हणाले, "अरे, कड सरळ धर की, आत माणूस उतरायचाय." पोरगा टिकाव टाकून माझ्याकडे बघत राहिला. माझा मुलगा एमआयडीसीत कामाला आहे, त्याने मोटरसायकल उभी केली आणि म्हणाला, "आई, आत चल." त्याला वाटतं, वय झालं. वय झालंच आहे, पण ते कारण नाही. ते मऊ मातीचे दिवस असतात, आणि ते आले की मला माणसं मोजावीशी वाटतात.

गाव निरवांगीच्या वाटेवरचं. नाव सांगत नाही. तिथल्या दोघीतिघी अजून हयात आहेत आणि त्यांना माझा जुना राग आहे. पन्नास सालानंतरचे ते दिवस. मिशनचे गोरे साहेब निघून गेले होते आणि जाताना देऊळ आमच्या हवाली करून गेले होते. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. दगडाच्या चार भिंती, वर धाब्याचं छप्पर, म्हणजे लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाकं नव्हती. घंटाही नव्हती. बारामतीच्या छोट्या गाडीच्या रुळाचा एक तुकडा दारातल्या लिंबाला टांगलेला, त्यावर लोखंडी कांब हाणायची. तो रूळ रविवारी वाजायचा तेव्हा गोड वाटायचा, आणि मधल्या वारी वाजला की गावातल्या सगळ्या चुली एकदम गप्प व्हायच्या.

पगारी माणूस कुणी नव्हतं. पाळकसाहेब बारामतीला राहत आणि महिन्याकाठी एकदा येत. बाकी सारं मंडळीने करायचं. बायकांनी शेणाने जमीन सारवायची, पुरुषांनी भिंतींना चुना लावायचा. बत्तीची काच राखेने घासायची, तुळयांवरची वाळवी खरवडायची, चिमण्यांची घरटी काढायची आणि शांताने ती पुन्हा ठेवायची. उन्हाळ्यात जुन्या पांढरीची, म्हणजे ओसाड गावठाणाची, माती पाट्यांनी आणून छपरावर पसरायची. आणि पाऊस संपता संपता खड्डा खणायचा.

हे खड्ड्याचं खूळ आबांचंच. त्याला कारण होतं. आमची दफनभूमी माळावर. एक वीत माती आणि खाली मुरूम. भादव्यात तो मुरूम ओल धरून नरम होतो, लोण्यासारखा नाही पण शिळ्या भाकरीसारखा तरी. फाल्गुन लागला की तोच असा आवळतो की पहार उडून अंगावर येते. आबांच्या तरुणपणी एका चैत्रात त्यांचे वडील वारले. दोन दिवस सहा माणसं खणत होती. त्या दोन दिवसांत काय झालं ते आबा सांगत नसत. नाकाला उपरणं लावत आणि विषय बदलत. पंच झाल्यावर त्यांनी पहिला ठराव हाच केला. माती मऊ आहे तोवर एक खड्डा तयार ठेवायचा. फळ्या टाकायच्या, वर बोरीच्या काट्या. रांगेत जी पुढची जागा असेल ती.

पाळकसाहेबांना हे मुळीच पसंत नव्हतं. एकदा सायकल भिंतीला टेकवून ते मुद्दाम बघायला आले. काठावर उभे राहून म्हणाले, "याकोबराव, हे बरं दिसत नाही. आपण पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारी माणसं. आणि हे असं आधीच?"

"साहेब," आबा म्हणाले, "उठायचं ते उठूच. पण आदी झोपाया जागा नगं व्हय?"

"पण यात अविश्वास दिसतो."

"तुमी एकदा वैशाखात हितं मरून बघा. मग बोलू."

पाळकसाहेब हसले नाहीत. परत जाताना त्यांनी सायकल मात्र खड्ड्याला चांगला मोठा वळसा घालून नेली.

मी हसले होते त्या वर्षीचा खड्डा कुणाला मिळाला, तर आबांच्याच बायकोला. रूथबाई थंडीत छातीच्या दुखण्याने गेल्या. बुटकी, गोरी, सदा तंबाखूची मिश्री लावणारी बाई. आबा बोलायला उभे राहिले की ही खालून त्यांचं धोतर ओढायची, म्हणजे पुरे आता. तिच्या मातीला आबा रडले नाहीत. सगळे निघाल्यावर ते मागे राहिले आणि तिच्या पलीकडची मोकळी जागा काठीने टोचून बघू लागले. अलीकडे आधीच गेलेली माणसं होती. पलीकडे रांगेतली पुढची जागा. म्हणजे पुढच्या वर्षीचा खड्डा.

तेव्हापासून आबांनी लपवून काही ठेवलं नाही. चावडीपुढे, विहिरीवर, कुणी विचारो न विचारो, ते सांगत, "आता नंबर माझा. उभा जन्म एका चुलीपाशी काढलाय. आता भिंतीला भिंत लावून पडू." लोक मान डोलवत. पण नियम आबांचाच होता, आणि तो सगळ्यांना पाठ होता. जो आधी जाईल त्याचा.

मी सांगते आहे तो हंगाम त्यापुढचा. पाऊस सुरू झाला न झाला आणि थांबला. भादव्यात कसाबसा एक जोराचा झाला, तेवढीच ओल. त्याच ओलीत आबांनी अंथरूण धरलं. इंदापूरहून कंपौंडर आला, नाडी धरून बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, "यांना काय खावंसं वाटतं ते द्या." याचा अर्थ खेड्यात सगळ्यांना कळतो. मंडळीतला मोठा खणणारा दावीद टिकाव घेऊन माळावर गेला. जाताना म्हणाला, "आबाचं माप लागंल. नेहमीच्या मापात ते बसायचं न्हाईत."

माप घ्यायला मी आणि शांता गेलो. ज्वारीचा लांब धांडा घेतला. आबा डोळे मिटून पडलेले. शांताने धांड्याचं एक टोक त्यांच्या टाचेला लावलं, मी डोक्यापाशी नखाने खूण केली. दोघी अपराध्यासारख्या निघणार तोच आबा डोळे न उघडता म्हणाले, "दोन बोटं जास्त धरा. मेल्यावर मानूस ताणतंय."

शांता म्हणाली, "आबा, तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही गेला होतात का?"

"चल हो भाईर, बोर्डिंग," आबा म्हणाले.

ते तिला बोर्डिंगच म्हणत. ती मिशनच्या बोर्डिंगात वाढली होती. आईबाप कोण, कुठले, तिला काहीच माहीत नव्हतं. शिकून तयार झाल्यावर तिला आमच्या शाळेत लहान वर्गाला पाठवलं. तिचं बोलणं पुस्तकासारखं शुद्ध, आणि गावातल्या बाया तिच्यासमोर मुद्दाम जास्तच अशुद्ध बोलत. तिला कशाची भीती वाटत नसे. विंचू चिमट्याने धरायची, छपरावर शिडीवाचून चढायची. एका गोष्टीची मात्र होती. तिला एकटीला झोप येत नसे. बोर्डिंगात एका मोठ्या खोलीत ओळीने साऱ्या मुली झोपायच्या, दोन्ही अंगांना कुणीतरी. त्यामुळे दिलेली खोली सोडून ती रोज वळकटी काखेत मारून आमच्याकडे यायची. आमच्या दोन खोल्यांमध्ये एक तरटाचा पडदा. अलीकडे मी आणि मास्तर, पलीकडे ती. नव्या संसारात ही काय अडचण असते ते मी सांगायला नको. ती पडद्यापलीकडून बोलत राहायची आणि वाक्य अर्धं टाकून झोपी जायची. आबांना हे कळल्यावर त्यांनी भर देवळाच्या दारात तिला छेडलं. "एवढी घोडी झाली आन् एकटी निजत न्हाय. लगीन करून टाका हिचं."

"तुम्हीच बघा मुलगा," शांता म्हणाली. "तुमच्या उंचीचा नको."

तर खड्डा झाला. दावीदने जीव ओतून खणला होता. लांबलचक, चारी कोपरे काटकोनात. आणि खड्डा पुरा झाला त्याच आठवड्यात आबा बरे झाले. कसलीही लाजलज्जा न बाळगता बरे झाले. रविवारी काठी टेकत देवळात आले, तेव्हा मंडळीत पंगतीत जादा पान मांडल्यासारखी चुळबुळ सुरू झाली. उपासनेनंतर आबा सरळ माळावर गेले, फळ्या सरकवून आत डोकावले आणि दावीदला म्हणाले, "उशाला उतार हाय. डोक्यात रगत उतरंल माझ्या."

आणि मग सुरू झालं ते आबांचं समाजकार्य. आबा घरोघर फिरू लागले. कुणी खोकलं की आबा हजर. हातात तुळस, आलं, कोयनेलच्या गोळ्या. म्हाताऱ्यांना पहाटे बाहेर पडू देईनात. एका माणसाला विहिरीच्या काठावर वाकलेला पाहून त्यांनी त्याचं धोतर धरून मागे ओढलं. पाळकसाहेबांनी प्रवचनात त्यांचा दाखला दिला, शेजाऱ्यावर प्रेम कसं करावं ते याकोबरावांकडून शिका. मी आणि शांता मागे बसून एकमेकींना चिमटे काढत होतो. आम्हाला ठाऊक होतं. आबांच्या आधी कुणी गेलं तर जागा गेली, रूथबाईच्या शेजारची ती एकच.

सगळ्यात धास्ती साराआजीची. मंडळीतली सर्वांत म्हातारी. तिचा खोकला देवळात प्रार्थनेपेक्षा मोठा. आबा रोज संध्याकाळी तिच्या दारात.

"सारे, दम धर. काढा घेतलास का?"

"घेतला की. का रं, तुला लई घाई माझी?"

"घाई न्हाय म्हनूनच ईचारतोय."

"याकोबा, मला वाटलं तर मी आजच जाईन. तुझ्या बायकूशेजारी झोपंन आन् समदं सांगंन तिला."

आबा तिथून उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी घोंगडं घेऊन आले.

थंडीत एक धनगर मेंढरं घेऊन माळावरून चालला होता. फळी सरकली आणि एक कोकरू खड्ड्यात पडलं. बिरा त्याचं नाव. तो देवळाच्या दारात येऊन, पागोटं काढून, फार अदबीनं म्हणाला, "बाई, तुमच्या हिरीत आमचं पिल्लू पडलं. आत आनिक कुनी न्हाय न्हवं?" शांता खळखळून हसली, पदर खोचला आणि आत उतरली. कोकरू वर दिलं, पण स्वतः वर येईना. आम्ही काठावर. आबाही काठी टेकत आलेले.

"ये की वर."

"थांबा जरा," ती खालून म्हणाली. "इथून आभाळ चौकोनी दिसतं. छान दिसतं, आबा. तुम्हाला आवडेल."

आबांनी वाकून हात दिला आणि तिला एका झटक्यात वर घेतलं. मग तिच्या केसांतली माती झटकत खूप वेळ पुटपुटत राहिले.

नाताळात आम्ही कागदाचा कंदील केला. करंज्यांत सारणाऐवजी गुळाचा खडा. कापणीचा सण आला पण कापायला काही नव्हतं. एरवी लोक ज्वारीच्या पेंढ्या, कोंबड्या, मिरच्या देवळात आणत आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होई. त्या वर्षी समोरच्या टेबलावर चार हडकुळी कणसं, एक भोपळा आणि एक अंडं. एकेक जण अंडं घ्यायचा आणि पुन्हा देवाला द्यायचा, की परत लिलाव. शांताने शेवटी ते घेतलं आणि साराआजीच्या हातात ठेवलं. आबांनी मान डोलवली. आजी टिकायला हवी होती.

मग ऊन तापलं. गावातली धडधाकट माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली, दावीदही गेला. देवळात पुरुषांची बाजू रिकामी दिसू लागली. आबा, मास्तर आणि काठ्यांवर रेललेले तिघेचौघे. छपराला माती घालायचं काम बायकांवर आलं. जुन्या पांढरीची ती माती पिठासारखी मऊ असते आणि घशात खारट लागते. आम्ही पाट्या द्यायचो, शांता छपरावर उभी राहून पसरायची, पायांनी तुडवायची. खाली आम्हाला तिचे पायच दिसायचे, पांढरेफेक. "पाऊस आलाच नाही तर हे कशाला?" मी विचारलं. ती म्हणाली, "आला आणि छप्पर नसलं तर?" मी पुढची पाटी वर दिली. छपराच्या तिने तुडवलेल्या कोपऱ्यातून पुढे कधी थेंब गळला नाही.

विहिरीच्या तळाशी गढूळ पाणी उरलं होतं. वैशाखात गावात दोन घरी पटकी लागली. शांता त्यातल्या एका घरी तिच्या वर्गातल्या पोराला पाणी पाजायला गेली. मी नको म्हटलं होतं. पोरगं वाचलं.

दोन दिवसांनी उजाडता उजाडता तिला उलट्या सुरू झाल्या. आमच्या पडद्यापलीकडेच. आबांना कळलं तसे ते आले, आणि त्या दिवशी मी त्यांना पळताना पाहिलं; एवढा उंच म्हातारा माणूस पळतो तेव्हा बघवत नाही. मीठ-साखरेचं पाणी, कांद्याचा रस, जे कुणी सांगेल ते. तिला बैलगाडीत घातलं आणि इंदापूरची वाट धरली. बैल उपाशी. आबा गाडीत बसले नाहीत, बैलांच्या पुढे चालत त्यांना ओढत होते. या धावपळीत जागेचा हिशेब किती होता आणि पोरीचा किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. अर्ध्या वाटेत शांता म्हणाली, "बाई, पडदा सरकवा, मला तुम्ही दिसत नाही." पडदा नव्हताच, ऊन होतं नुसतं. मी तिचा हात धरला होता. थोड्या वेळाने मी आबांना म्हटलं, "आबा, गाडी फिरवा."

आबा थांबले नाहीत. गाडी हाकणाऱ्या मास्तरांनी उतरून, पुढे जाऊन बैलांची वेसण धरली तेव्हा थांबले.

दुपार होती. पटकीचं मढं, असलं ऊन. ठेवायची सोयच नव्हती. साराआजी काठी टेकत आली. तिने शांताच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "ती जागा याकोबाची हाय. हिच्यासाठी दुसरी खना." सगळ्यांच्या मनात तेच होतं. मास्तरांनी पहार घेतली. रांगेत आणखी पुढे जाऊन घाव घातला. ठिणगी उडाली. पुन्हा घातला. म्हाताऱ्यांनी आळीपाळीने हात लावला. माझ्या नवऱ्याच्या तळव्यांची साल निघाली, पहारीला रक्त लागलं आणि खड्डा ताटाएवढा झाला. मी शांताला आंघोळ घातली. नवं कापड कुठलं? देवळातल्या टेबलावरचं पांढरं कापड, जे ती दर शनिवारी धुवायची, त्यात तिला गुंडाळली.

आबा इतका वेळ रूथबाईच्या मातीपाशी बसून होते. उपरणं डोक्यावर, पाठ आमच्याकडे. त्यांच्या शेजारी त्यांचा तो लांब, काटकोनी, दोन बोटं जास्तीचा खड्डा. पहारीचा आवाज होत होता तोवर ते हलले नाहीत. मास्तर दमून खाली बसले, आवाज थांबला, तेव्हा ते उठले. त्यांनी काट्या उचलून बाजूला टाकायला सुरुवात केली. उघड्या हातांनी. मास्तर म्हणाले, "आबा, राहू द्या. आम्ही उद्यापर्यंत—"

"नियम कुनी केला?" आबांनी विचारलं.

त्यांनी फळ्या काढल्या.

दर वर्षी माती मऊ झाली की मी एकदा त्या गावी जाते. आता तिथे बस जाते. देवळाला सिमेंटचा गिलावा झाला आहे, घंटा आली आहे, रूळ कुणी भंगारात घातला की काय कोण जाणे. तयार खड्ड्याची रीत राहिली नाही. माळाची रांग मी टोकापासून चालते. साराआजी आहे, ती त्यानंतर कितीतरी हिवाळे खोकली. आबाही पुष्कळ जगले. शेजाऱ्यांना काढे पाजायचं त्यांनी त्या दिवसानंतरही सोडलं नाही, आणि तेव्हा मात्र आम्हाला हसायला काही कारण उरलं नव्हतं. ते पार पलीकडे, बाभळीपाशी आहेत. रूथबाईपासून त्यांच्यापर्यंत चालत जायचं तर मधे बरीच माणसं लागतात. प्रत्येकापाशी मी थोडी थांबते. शांताची जागा लगेच ओळखू येते. एवढीशी पोर आणि मातीचा उंचवटा पुरुषभर लांब.

त्या दुपारी परतीच्या वाटेवर असलेल्या बिरा धनगराने मोटेचा नाडा आणून दिला होता. त्या नाड्याने तिला खाली सोडली. ती त्या खड्ड्यात फारच लहान दिसत होती. पायांकडे केवढी तरी जागा उरली. बायकांनी गाणं धरलं, पण घसे कोरडे होते, दुसऱ्या ओळीला ते तुटलं. मास्तरांनी प्रार्थना म्हटली. आमच्याकडे पहिली मूठ नात्याच्या माणसाची असते. तिला नातं नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. आबा पुढे झाले. माती हातात घेतली. मग त्यांनी खाली पाहिलंच नाही. बाजूच्या रूथबाईच्या मातीकडे वळले आणि भर मंडळीत, मोठ्या आवाजात, यष्टीच्या गर्दीत बायकोला सांगावं तसं म्हणाले,

"रूथ, जरा सरक गं. पोरीला एकटं निजायची सवय न्हाय."